बेअरिंग खरंच गेलं होतं का, हेही विचारा

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : कारखान्यांत नव्याने आलेली ‘शिकणारी’ यंत्रं आणि त्यांच्यासोबत काम करणारी माणसं

महोदय,

नावड्यातून प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्रं जातात, पनवेल महापालिकेला जातात, सिडकोला तर जातातच. आपल्या संचालनालयाला सहसा कोणी लिहीत नाही, कारण आपलं काम कारखान्याच्या गेटच्या आत चालतं आणि आम्ही राहतो गेटच्या बाहेर. मी मात्र नोकरीची सगळी वर्षं आतच काढली. तळोजा एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत आधी फील्डवर, मग पॅनलवर, शेवटी शिफ्ट इनचार्ज. आता निवृत्त होऊन नावडे वसाहतीत असतो. जुने सोबती आणि काहींची पोरं अजून त्याच शिफ्टमध्ये आहेत, त्यामुळे आतलं कानावर येत राहतं. त्यातलं जे आपल्या अखत्यारीतलं आहे, ते लिहितो.

गेल्या काही वर्षांत कारखान्यांत एक नवी जात शिरली आहे. पंपांवर आणि मोटारींवर व्हायब्रेशन मोजणारे सेन्सर बसलेत. त्यांचे आकडे एका सॉफ्टवेअरकडे जातात आणि अमुक पंपाचं बेअरिंग दहा-बारा दिवसांत जाईल, असं ते आधीच सांगतं. कुठे सीसीटीव्हीला जोडलेलं सॉफ्टवेअर हेल्मेट-गॉगल न घातलेला माणूस हेरून त्याची यादी काढतं. कुठे कंट्रोल रूममधले अलार्म गाळून, महत्त्वाचे तेवढे वर आणून दाखवण्याची सोय आहे. ही यंत्रं आपल्या जुन्या इंटरलॉकसारखी नाहीत. रिॲक्टरचं तापमान ठरल्या आकड्याच्या वर गेलं की इंटरलॉक स्टीम बंद करणार. आज करतो तेच तो दहा वर्षांनीही करणार. नवी यंत्रं कारखान्याच्या मागच्या नोंदींवरून शिकतात आणि मधूनमधून नव्या नोंदींवर त्यांना पुन्हा शिकवलं जातं. शिमग्याला तपासलेलं यंत्र दिवाळीला तेच राहिलेलं असेल, असं नाही. तपासणीची आपली पद्धत मात्र इंटरलॉकच्या जातीसाठी बेतलेली आहे.

एका कारखान्यातला प्रसंग सांगतो. नाव घेत नाही, कारण तो कुठल्याही कारखान्यात घडू शकतो.

कूलिंग वॉटरचा पंप. सॉफ्टवेअरने इशारा दिला : बेअरिंग जातंय. रीतसर परमिट निघालं, स्टँडबाय पंप लावला, हा पंप उघडला. फिटरने बेअरिंग काढलं, चिंधीने पुसलं, बोटावर धरून फिरवलं. खरखर नाही, ढिलेपणा नाही. तो म्हणाला, “साहेब, हे अजून वर्षभर चाललं असतं.” साहेब म्हणाले, “उघडलंच आहे तर नवीन टाक.” यात साहेबांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, उघडलेल्या पंपात जुनं बेअरिंग परत घालणारा इनचार्ज मीही नव्हतो. पंप उघडा होता म्हणून सक्शनचा स्ट्रेनरही साफ करून घेतला. त्यात गाळ होता. त्या पंपाशेजारून दर तासाला जाणारा फील्ड ऑपरेटर आठवडाभर सांगत होता की पंपाच्या आत खडे फिरल्यासारखा आवाज येतोय. सक्शन तुंबलं की पंप असाच ओरडतो, हे फील्डवर सहा महिने काढलेल्या पोरालाही कळतं. पंप सुरू झाला, व्हायब्रेशन खाली आलं, वर्क ऑर्डर बंद झाली. कॉम्प्युटरमध्ये नोंद पडली : बेअरिंग बदललं.

आता हे सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहा. त्याने सांगितलं बेअरिंग जाणार, लोकांनी बेअरिंग बदललं, थरथर थांबली. म्हणजे आपलं बरोबर होतं. पुढच्या वेळी अशीच थरथर दिसली की ते आणखी ठामपणे बेअरिंगच म्हणणार. महिन्याच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर हा इशारा ‘खरा ठरला’ या रकान्यात दिसणार. तो खरा ठरला नव्हता, हे हाताने आणि कानाने ओळखणारी माणसं दोनच होती. फिटर कॉन्ट्रॅक्टरचा, त्याला सिस्टिमचं लॉगिनच नाही. फील्ड ऑपरेटरकडे लॉगबुक आहे, पण लॉगबुक कागदाचं, आणि सॉफ्टवेअर कागद वाचत नाही.

पंपाच्या बाबतीत हे परवडतं. एक बेअरिंग आणि चार तासांची मजुरी गेली. पण यंत्र शिकतं ते याच पद्धतीने, मग ते पंपावर बसवलेलं असो की रिॲक्टरवर.

अलार्मचं घ्या. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला टेक्साकोच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म वाजले होते. तेव्हापासून अलार्म कमी करा, निवडक ठेवा, हे जगभर सांगितलं जातंय, आणि ते योग्यच आहे. मीही पॅनलवर बसून कधीकधी त्या स्पीकरची वायर उपटावी या विचारापर्यंत आलेलो आहे. प्रश्न असा की, कुठला अलार्म फालतू, हे यंत्राने शिकायचं कशावरून? सोपा मार्ग म्हणजे ऑपरेटर काय करतो ते बघायचं. अलार्म आला, दोन सेकंदांत ॲक्नॉलेजचं बटण दाबलं, पुढे काहीच केलं नाही, तर तो अलार्म बिनमहत्त्वाचा. वरकरणी बरोबर वाटतं. पण नाइट शिफ्टला एकटा माणूस दोन प्लांटचं पॅनल सांभाळत असतो, एकीकडे टँकर लागलेला असतो, दुसरीकडे बॅच चार्ज होत असते. तेव्हा तो बटण दाबतो ते फक्त आवाज बंद करायला. पाहिलं आणि समजलं यालाही तेच बटण, आधी गप्प बस यालाही तेच बटण. माणसं कमी केल्याचा परिणाम यंत्र असा शिकून घेतं, आणि त्याला ऑपरेटरचा अनुभव म्हणतं.

माणसाला कळलेलं वर न पोचणं ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला काय झालं, ते आपल्याकडच्या प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ असेल. तरी त्यातली एकच तासा-सव्वातासाची हकीकत पुन्हा सांगतो. रात्री १० वाजून २० मिनिटांनी एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट) या विषारी रसायनाच्या टाकीतला दाब चौरस इंचाला २ पौंड होता. पावणेअकराला शिफ्ट बदलली. ११ वाजता नव्या ऑपरेटरने पाहिलं तेव्हा तो १० पौंड होता. पण २ ते २५ पौंड हे नेहमीचंच मानलं जाई, त्यामुळे त्याला वावगं वाटलं नाही. दाब चाळीस मिनिटांत पाचपट झालाय, हे हँडओव्हरमध्ये पुढे गेलं नाही. साडेअकराच्या सुमाराला फील्डवरच्या कामगारांचे डोळे चुरचुरायला लागले, पाणी यायला लागलं. त्यांनी सांगितलं. चहानंतर बघू, असं ठरलं.

मी शिकणाऱ्या यंत्रांच्या विरोधात नाही, ते याच हकीकतीमुळे. दोनाचे दहा होताना आकडा अजून हद्दीत असला तरी चाल बिघडली आहे, हे आजचं साधं सॉफ्टवेअरही चटकन ओरडून सांगेल. तिथे माणूस कमी पडला, तिथे यंत्र हवंच. पण डोळे चुरचुरतात हे यंत्राला कळलं नसतं, ते कामगारांनाच कळलं. त्या दोन्ही बातम्या एका वेळी, एका ठिकाणी, निर्णय घेणाऱ्या माणसासमोर आल्या असत्या तर पुढचे दोन तास वेगळे गेले असते. आज आपण पैसे खर्च करून पहिली बातमी स्क्रीनवर आणतोय आणि दुसरी बातमी आणायची वाट मात्र होती तेवढीही बंद करत चाललोय. आमच्या कासाडी नदीकाठी २०१७ च्या ऑगस्टमध्ये कुत्री निळी पडली होती, आठवत असेल. तीही कुठल्या सेन्सरला नाही, माणसांनाच दिसली. फोटो काढून तक्रार केली प्राण्यांसाठी काम करणाऱ्या लोकांनी, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्याला टाळं लावलं.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आणि आसन्न धोक्याची रास्त शंका आल्यास तसं सांगण्याचा कामगाराचा हक्क, या दोन गोष्टी त्यातून आल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही समिती आहे आणि हक्कही आहे. म्हणजे माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायची सोय कायद्याने जवळपास चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवली. आता त्या माणसाच्या शेजारी एक यंत्र येऊन बसलंय, जे ठाम बोलतं, दमत नाही आणि ज्याच्यावर व्यवस्थापनाने बराच खर्च केलेला आहे. त्याच्यासमोर या हक्काचं काय होतं, ते शिफ्टमधला माणूस सांगू शकतो.

पॅनलवरचा पोरगा मनात असा हिशेब करतो : यंत्राचं ऐकलं आणि चुकलं, तर सिस्टिमची चूक. ऐकलं नाही आणि चुकलं, तर मेमो मला. ऐकलं नाही आणि माझंच बरोबर निघालं, तर काहीच घडलेलं नसतं, त्यामुळे ते कोणाला कळतही नाही. या तिन्हींत शहाण्या माणसाने काय करावं? मान डोलवावी. मी त्याच्या जागी असतो, घरभाडं आणि दोन पोरांची फी डोक्यावर असती, तर मीही डोलवली असती. म्हणून “आमच्याकडे शेवटचा निर्णय माणसाचाच असतो” हे वाक्य जेव्हा एखादा मॅनेजर आपल्या निरीक्षकाला ऐकवतो, तेव्हा निरीक्षकाने एवढंच विचारावं : मागच्या सहा महिन्यांत माणसाने यंत्राला किती वेळा नाही म्हटलं, त्या नोंदी दाखवा. एकही नोंद नसेल, तर यंत्र अचूक आहे असं समजू नये.

हेल्मेट-गॉगलच्या कॅमेऱ्याचंही तसंच, पण त्यावर फार लिहीत नाही. वाफेने गॉगलची काच धूसर झाली म्हणून माणूस क्षणभर तो काढतो. यादीत त्याचं नाव येतं, वाफ गळणाऱ्या ग्लँडचं येत नाही.

बाहेर जगात हे नीट केल्याची उदाहरणं आहेत, ती सांगितली नाहीत तर पत्र एकांगी होईल. जपानमध्ये योकोगावा आणि जेएसआर या कंपन्यांनी २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत एका रासायनिक प्लांटमधलं डिस्टिलेशन सलग ३५ दिवस शिकणाऱ्या यंत्राच्या हाती दिलं. जिथे नेहमीची कंट्रोल यंत्रणा पुरी पडत नव्हती आणि ऑपरेटरांना रात्रंदिवस हाताने व्हॉल्व्ह कमी-जास्त करावे लागत होते, नेमकं तेच काम त्यांनी निवडलं. हे मला फार पटलं. आपल्याकडे उलट होतं. विक्रेता जे दाखवतो ते बसतं. ऑपरेटरला रात्री काय छळतं, ते त्याला कोणी विचारत नाही.

दुसरी एक बाब अभ्यासकांनी केव्हाच सांगून ठेवलीय. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये एक लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. मुद्दा सरळ आहे : काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे उरतं ते सगळ्यात अवघड, म्हणजे यंत्र अडलं की सांभाळणं, आणि रोजचा हात सुटल्यामुळे नेमकं तेच त्याला जमेनासं होतं. शोशाना झुबॉफ यांनी १९८८ च्या त्यांच्या पुस्तकात अमेरिकेतल्या कागदाच्या गिरण्यांमधले कामगार दाखवले आहेत. लगदा हाताने चाचपून, वासाने ओळखणारी ती माणसं काचेच्या खोलीत आकड्यांपुढे बसवली गेली होती. विमानाच्या धंद्यात हे ओळखून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये कंपन्यांना कळवलं की वैमानिकांना हाताने विमान उडवायची संधी द्या. आमच्या नव्या पोरांना लूप मॅन्युअलवर घेऊन बॅच चालवायची संधी कधी मिळते? बिघाड झाल्यावर. म्हणजे तालीम थेट प्रयोगाच्या दिवशी.

आता मागणं काय, ते लिहितो.

बॉयलर चालवणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्र घ्यावं लागतं. १९२३ सालच्या कायद्यापासून बॉयलरवर सरकारची नजर आहे, आणि २०२५ मध्ये तो कायदा नव्याने झाला तरी ती सैल झालेली नाही. बॉयलर फुटला की काय होतं हे लोकांनी पाहिलं होतं, म्हणून. शिकणाऱ्या यंत्रासाठी एवढा बाऊ मी मागत नाही. पण ज्या कारखान्यांत धोकादायक रसायनं आहेत, तिथे अशी कुठली यंत्रं कशावर बसवली आहेत, त्यांना शेवटचं कधी आणि कशावरून शिकवलं, याची साधी यादी सेफ्टी ऑडिटमध्ये मागावी. यंत्राच्या सांगण्यावरून एखादा अलार्म दडपायचा किंवा खालच्या वर्गात टाकायचा असेल, तर तो निर्णय सुरक्षा समितीपुढे यावा आणि त्या प्लांटच्या पॅनलवर बसणाऱ्या कामगार प्रतिनिधीची सही त्यावर असावी.

वर्क ऑर्डर बंद करताना एक प्रश्न सक्तीचा करावा : काढलेला भाग खरंच खराब होता का? उत्तर ज्याच्या हातात तो भाग आला त्याने द्यायचं, मग तो कायम असो की कॉन्ट्रॅक्टचा, इंग्रजीत लिहिता येवो की न येवो. फोनवर मराठीत, हिंदीत बोलून नोंद करण्याची सोय आज कुठल्याही पोराच्या खिशात आहे. यंत्राला शिकवायचं तर हा माणूस त्याचा मास्तर आहे. त्याला लॉगिन देणं यात कोणावर उपकार नाहीत.

अपघात झाला, किंवा होता होता टळला, की आपल्या तपासाच्या अहवालात वेगळा परिच्छेद असावा : यंत्राने काय सांगितलं होतं, ते कोणी पाहिलं, कोण वेगळं म्हणत होतं, त्याचं काय झालं. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला. आमच्या या दिवा-पनवेल रेल्वे लाइनच्या पलीकडच्या टोकाजवळ आहे डोंबिवली, फार लांब नाही. असे अहवाल जिल्ह्यातल्या बाकीच्या कारखान्यांच्या सुरक्षा समित्यांपर्यंत मराठीतून पोचले पाहिजेत. सध्या पोचते ती व्हॉट्सॲपवरची क्लिप.

आणि यंत्राला नाही म्हणणाऱ्याला त्या कारणासाठी मेमो देता येणार नाही, हे लेखी असावं. त्याचं नाही चुकीचं निघालं तरीही. नव्या संहितेत आपल्या निरीक्षकांना इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर म्हटलंय. हे नाव मला ऐकताना जरा जड वाटतं, पण त्यातला दुसरा शब्द खरा करून दाखवायला याहून चांगलं काम मिळायचं नाही.

कारखानदार म्हणतील, आणखी एक फॉर्म वाढला. त्यांचंही म्हणणं बघा. फॉर्म भरून जीव मेटाकुटीला आलेले प्लांट मॅनेजर मी पाहिले आहेत. पण ज्या सॉफ्टवेअरला चुकीचं शिकवलं जातंय, ते त्यांच्याच पैशांनी घेतलंय. चांगली बेअरिंग भंगारात जाताहेत, तीही त्यांचीच. नावड्याचा, कळंबोलीचा, रोडपालीचा माणूस रात्री खिडकी लावून घेतो तेव्हा हा सगळा हिशेब त्याच्याही वाट्याला येतो, हे मी वेगळं लिहायला नको.

सुरुवात परिपत्रकाने झाली तरी चालेल. मसुदा करायला पॅनलवर आणि फील्डवर काम केलेली माणसं लागली, तर या पट्ट्यात आमच्यासारखे निवृत्त बरेच आहेत. बैठक आपल्या सोयीने कुठल्याही वेळेला ठेवा, नाइट शिफ्टची सवय अजून मोडलेली नाही.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इनचार्ज
नावडे वसाहत, ता. पनवेल, जि. रायगड